आपांचा न लिहिलेला नकार

बैठकीला आल्या की आपा आधी खुर्ची ओढायच्या. आमच्या शेतकरी कंपनीच्या ऑफिसात एक मोठं टेबल होतं, त्याभोवती पुरुष संचालक बसत. बाई संचालकांच्या दोन खुर्च्या दाराजवळ भिंतीला लावलेल्या असत. असं कोणी ठरवलेलं नव्हतं, पहिल्या दिवसापासून चालत आलं होतं. आपा खुर्ची उचलून आणत नसत. फरशीवरून खरडत, सगळ्यांचं बोलणं थांबेपर्यंत आवाज करत, ती टेबलाशी आणत. चेअरमन भाऊसाहेब म्हणायचे, "आपा, तिथूनही सगळं ऐकू येतं." त्यावर आपा म्हणायच्या, "मला येतं हो. माझं तुम्हाला येत न्हाई."

कंपनी घनसावंगीजवळ, मी तिथे व्यवस्थापक. आपांचं नाव शमीम. दोन एकर शेती, आणि त्याआधी बरीच वर्षं अडतीवर तूर-हरभरा निवडण्याचं काम केलेलं. संचालक मंडळात बाई हवी होती आणि मुसलमान शेतकरीही नाराज होऊन बाहेर पडत होते, म्हणून आपांना घेतलं. "एकाच नावात दोन्ही बाबी बसल्या," असं भाऊसाहेब माझ्यासमोरच म्हणाले. त्यात दुष्टावा नव्हता. टेम्पोत पोती कशी बसवायची हे बोलताना त्यांचा जसा स्वर असे, तोच होता.

आमच्या बैठका तेव्हा बहुतेक कागदावरच होत. मी इतिवृत्त लिहायची आणि स्कूटीवरून वही घरोघर न्यायची. दुसऱ्या बाई संचालक पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि नवरा बोट ठेवील तिथे सही करायच्या. पुरुष तर गाडीच्या टपावर वही ठेवून, फोनवर बोलता बोलता सही करत. आपांकडे पहिल्यांदा वही नेली तेव्हा त्या अंगणात डाळ पाखडत होत्या.

"ही मिटिंग कधी झाली?"

"सोमवारी, आपा."

"मी व्हते?"

"वहीत आहात."

त्या हसायला लागल्या. सुनेला हाक मारून म्हणाल्या, "सुनती क्या, सोमवारी मी मिटिंगला गेल्ते म्हणे. चहा तरी दिला का गं मला?" मग माझ्याकडे वळून, हसू तसंच ठेवून म्हणाल्या, "जी झाली न्हाई तिच्यावर माझी सही न्हाई." लेखापरीक्षकाने त्या रिकाम्या जागेवर पेन्सिलीने खूण केली, तेव्हा कुठे आम्ही खरोखरच्या बैठका घ्यायला लागलो.

सही करण्याआधी मी सगळं मोठ्याने वाचायचं, हा त्यांचा दुसरा नियम. "पूरा वाच. खालच्या तारखेपर्यंत." मी वाचायची, त्या सूप हलवत ऐकायच्या. एखादं वाक्य खटकलं की सूप थांबायचं. सगळं पटलं की हात धुऊन उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सावकाश सही करायच्या. मला रोज पन्नास कामं असत. या वाचनाचा मला कंटाळा यायचा, हे इथे सांगून टाकते.

बैठक संपली की त्या धान्य निवडण्याच्या शेडमध्ये जायच्या आणि बायकांना काय ठरलं ते सांगायच्या. भाऊसाहेबांना ते आवडत नसे. "आपा, मंडळातलं बाहेर जाऊ नये."

"त्यांच्या नावावर इथं बसले मी," आपा म्हणाल्या. "मंग घरी जाऊन भिंतीला सांगू?"

त्याच शेडमधून तो विषय आला. गोदामात धान्याला कीड लागू नये म्हणून विषारी वायूच्या गोळ्या ठेवत. गोदाम आणि शेड यांच्यामध्ये एकच पत्र्याची भिंत, तीही वरच्या बाजूला हातभर उघडी. गोळ्या ठेवल्या की पलीकडे बायकांची डोकी चढत, मळमळ होई. आपांनी बैठकीत मागणी केली की भिंत वरपर्यंत बंद करा, आणि ती होईपर्यंत गोळ्यांच्या दिवसांत शेडला कुलूप लावा. भाऊसाहेब म्हणाले, "ऐन हंगामात शेड बंद ठेवायचं? पुढच्या बैठकीत बघू." टेबलाभोवती सगळ्यांनी माना हलवल्या. आपा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझं न्हाई म्हणून लिही. आत्ताच करा म्हणले मी, हे लिही." नंतर शेडमध्ये जाऊन त्यांनी बायकांना सांगितलं, "मी बोलून राह्यले. सोडणार न्हाई."

संध्याकाळी मी वहीत लिहिलं, 'चर्चेअंती सदर विषय पुढील बैठकीत घेण्याचे सर्वानुमते ठरले.' भाऊसाहेबांनी मला तसं सांगितलं नव्हतं. दर वेळी तेच वाक्य लिहायची, हाताला ती सवय होती.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले. आपांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, काळा चष्मा लावून त्या बाजेवर बसल्या होत्या. मी विचारलं, "वाचू का?"

"तीन वर्षं वाचून राह्यलीस. आज राहू दे. तूच लिहिलंस ना? मंग बराबरच असंल."

त्यांनी सहीची जागा बोटाने चाचपली. मी त्यांचा हात धरून तिथे नेला. मला पुढे अंबडला जायचं होतं.

पुढची बैठक व्हायच्या आधीच गोळ्या ठेवल्या गेल्या. थंडीचे दिवस होते. वारा लागू नये म्हणून बायका त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. दुपारी चौघींना उलट्या सुरू झाल्या. जीपने जालन्याला नेलं. तिघी परत आल्या. लता आली नाही. तिला दोन मुलं होती.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वही मागितली, ते पान काढलं आणि आपांना विचारलं, "बाई, ही सही तुमची?"

"हाव."

"म्हणजे तुमचीही संमती होती. इथे सर्वानुमते लिहिलंय."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहत राहिले. मग त्या म्हणाल्या, "सही माझीच हाय."

चार दिवसांनी मी खरं काय झालं ते अधिकाऱ्यांना लेखी दिलं. तोवर ते पान शेडपर्यंत पोहोचलं होतं. लताची सासू आपांच्या दारात उभी राहून म्हणाली, "तू आमच्यातली व्हतीस. तिथं जाऊन त्यांची झालीस." आपा शेडमध्ये गेल्या की बायका खाली मान घालून धान्य निवडत राहायच्या. माझा कागद मी त्या बायकांना वाचून दाखवला. एक जण म्हणाली, "आता काय त्याचं." मग आपांनी तिकडे जाणं सोडलं.

महिन्याभराने त्या शहागडला मुलीकडे राहायला निघाल्या. राजीनाम्याचा कागद टाइप करून मी घरी नेला. सामान बांधून झालं होतं. सूप गाठोड्याच्या वर खोचलेलं होतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

"वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा..."

"थांब. कोणतं वैयक्तिक?"

मी पुढची ओळ वाचायला लागले.

"तुझी खोड हाय ही. उलटा कर कागद, मागं हातानं लिही. 'मी नको म्हणले ते व्यवस्थापक बाईनं लिहिलं न्हाई. आन् मी ऐकून न घेता सही केली. म्हणून सोडते.' लिहिलंस? आता पूरा वाच."

मी वाचलं. दुसरं वाक्य मी भरभर वाचून टाकलं, तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग सही केली. मला चहा विचारला नाही.

पुढच्या बैठकीत मी तो कागद मोठ्याने वाचला. भिंत तोपर्यंत वरपर्यंत बांधून झाली होती. आपांची खुर्ची कोणीतरी परत दाराजवळ नेऊन ठेवली होती. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, वहीत वैयक्तिक कारण असं लिहून टाका. बाईचंही नाव खराब नको व्हायला."

मी पेन उघडलं आणि आपांची वाक्यं होती तशी, त्यांच्याच शब्दांत, वहीत उतरवली. खाली लिहिलं, 'चेअरमन यांनी कारण बदलण्यास सांगितले. व्यवस्थापकांनी नकार दिला.' मग वही फिरवायच्या आधी सगळं वाचून दाखवलं, खालच्या तारखेपर्यंत.

गेल्या पावसाळ्यात आपा वारल्या. मला आठ दिवसांनी कळलं.