तीनच्या गाडीआधी: धायरी ते वाघोली, एका लिफाफ्यामागे

मंगळवारी सकाळी साडेआठला फोनवर संदेश आला आणि आमचा प्रवास ठरला. 'आपले टपाल तपासणीत थांबवण्यात आले आहे. पाठवणाऱ्याने मूळ ओळखपत्रासह समक्ष यावे.' कुठे यावे, का थांबवले, कोणाला विचारावे, यातलं काही नाही. मी सुलभाला संदेश वाचून दाखवला. माझी बायको कधी घाबरत नाही, पण त्या दिवशी हातातलं भांडं ठेवून ती खुर्चीत बसली.

थांबलेला लिफाफा मुक्ताचा होता. आमची मुलगी तीन आठवड्यांपूर्वी जर्मनीला शिकायला गेली. तिथल्या विद्यापीठाला तिची गुणपत्रकं पुण्याच्या कॉलेजने सील करून दिलेल्या लिफाफ्यातच हवी होती. सील फुटलं तर कागद रद्द. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पोचले नाहीत तरी रद्द, आणि जागा यादीतल्या पुढच्या नावाला. कॉलेजने आपल्या सवडीने शनिवारी लिफाफा दिला. एका आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपनीची एजन्सी घेतलेला आमच्या धायरीतला दुकानदार ओळखीचा आहे, त्याने कंपनीची प्लास्टिकची पिशवी आधीच घरी आणून दिली होती. मी लिफाफा आत सरकवून ओळखपत्र शोधायला गेलो, तोवर सुलभाने पिशवीची चिकटपट्टी लावली, आणि सोमवारी सकाळी मी ती दुकानात दिली. दुकानदाराने वजन केलं, पावती दिली. आत काय आहे ते उघडून बघणं त्याला ओळखीत बरं वाटलं नसावं.

आता रस्ता सांगतो, कारण हा प्रवास तुमच्याही वाट्याला येऊ शकतो. धायरी फाट्यावरून स्वारगेटची बस मिळते, पण सकाळी नऊनंतर सिंहगड रस्त्यावर वेळेचा भरवसा धरू नका. वडगावच्या पुलाजवळ आमची बस पंधरा मिनिटं जागची हलली नाही. स्वारगेटहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, तिथून रामवाडी. तिकीट माणशी तीस रुपयांच्या आसपास, गाडी थंडगार, खिडकीतून नदी दिसते. एरवी मी त्या नदीवर दोन परिच्छेद लिहिले असते. त्या दिवशी मी सुलभाला सांगत होतो की या परदेशी कंपन्यांना आपण फक्त पावतीचा नंबर असतो, माणूस नसतो. समोर बसलेल्या मुलीने कानातले इअरफोन काढले आणि ऐकू लागली. श्रोता मिळाला की माझा आवाज चढतो.

सुलभा म्हणाली, "अहो, हळू. डबा आहे हा, सभागृह नाही."

पावतीवर कंपनीच्या खराडीच्या शाखेचा पत्ता होता; रामवाडीहून रिक्षाने तिथे पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. काचेच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक काउंटर, त्यामागे एक गृहस्थ. त्यांनी पावती न्याहाळली, संगणकात बघितलं आणि म्हणाले, "हे इथे नाही. वाघोलीच्या पुढे गोदामात आहे."

"मग संदेशात तसं लिहायला काय झालं होतं?"

"संदेश मी पाठवत नाही."

"कोण पाठवतं?"

"आपण आत्ता निघालात तर बरं. तीनला मुंबईची गाडी सुटते. त्या गाडीत गेलं तर आज रात्रीचं विमान. नाही गेलं तर उद्याचं, आणि उद्याचं शुक्रवारपर्यंत पोचेल की नाही ते मी सांगणार नाही."

या गृहस्थांचा मला राग आला खरा, पण नेमकी माहिती त्यांनीच दिली. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं: शाखेत जाण्याआधी ग्राहकसेवेला फोन लावून आपलं टपाल कुठल्या गोदामात आहे ते विचारा. आमचा दीड तास वाचला असता.

नगर रस्त्यावर दोन रिक्षावाल्यांनी वाघोलीचं नाव ऐकून तोंड फिरवलं. तिसरे थांबले, साठीतले, डोक्यावर टोपी. वाघोलीचेच होते. रस्ता तुंबलेला, कंटेनरच्या मागे कंटेनर. घड्याळात साडेबारा वाजले आणि आम्ही एका जागी उभेच होतो. मी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा ते म्हणाले, "सायेब, घड्याळाकडं बघून कंटेनर हालत न्हाई."

पुढे पत्र्याच्या उंच शेडची रांग लागली. "हितं आमची ज्वारी असायची," ते म्हणाले. "आता जर्मनीची खोकी हायेत."

मी लगेच पेटलो. जमिनी गेल्या, माणसं रखवालदार झाली, असं सुरू केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गेली न्हाई, भाड्यानं दिलीय. दर महिन्याला पैसं येत्यात. ही रिक्षा म्या घरात करमत न्हाई म्हनून चालवतो."

सुलभा बाहेर बघून हसली. सकाळपासूनचं तिचं ते एकच हसू.

गोदामाच्या दारावर आधार कार्ड दाखवा, फोन जमा करा, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला अडकवा. खाण्याचं बोलायचं तर फाटकासमोर एक टपरी आहे, चहा-वडापाव बरा मिळतो, पण आम्ही पाण्याची बाटली तेवढी घेतली. आत प्रतीक्षा कक्षात कंपनीचा इतिहास भिंतीभर चितारला होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरावरच्या एका कारकुनापासून ही कंपनी सुरू झाली. जहाजं बंदरात यायची पण त्यांचे कागद मागून यायचे, म्हणून माल दिवसेंदिवस धक्क्यावर पडून राहायचा. हा कारकून कागद बगलेत घेऊन रेल्वेने पुढच्या बंदरावर जायचा आणि जहाजाच्या आधी पोचायचा. पुढे त्याची माणसं झाली, मग गाड्या, मग विमानं. हे वाचून माझा संताप वाढला. ज्या कंपनीचा जन्म कागद वेळेत पोचवण्यासाठी झाला, तिनेच माझ्या मुलीचे कागद अडवावेत?

काचेपलीकडे पट्टे सरकत होते. प्रत्येक खोकं यंत्राखालून जाई, लाल उजेड पडे, आणि ते आपणहून योग्य फाट्याला वळे. बाहेर पिवळा ट्रक मागचं दार उघडून उभा. दोन वाजून पाच मिनिटं.

तपासणी विभागाची प्रमुख पल्लवी नावाची तिशीतली मुलगी निघाली. बोलण्यावरून यवतमाळकडची. तिने हातमोजे घातले, आमची पिशवी टेबलावर ठेवली आणि वरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"काका, हे तुमच्यासमोरच उघडून राहिली मी. यंत्रात कागदांसोबत पावडर दिसली. कागद म्हणून पाठवलेल्या टपालात फक्त कागदच पाहिजे."

"पावडर? आमच्या घरातून? शक्यच नाही."

तिने पिशवी कापली. कॉलेजचा लिफाफा बाहेर आला, मागे लाखेचं सील, सगळं शाबूत. त्या लिफाफ्याच्या पाठीला कॅलेंडरच्या कागदाची चपटी पुडी चिकटपट्टीने लावलेली होती. पल्लवीने ती कोपऱ्याने उचलली. करडी भुकटी.

मला ती बघताक्षणी कळली. आमच्या गावच्या देवीचा अंगारा. माझ्या आईच्या हयातीत घरात यायचा, नंतर मी बंद केला. अंधश्रद्धेविरुद्ध मी आयुष्यभर व्यासपीठांवर बोलत आलो. गावोगाव लोकांना विचारलं आहे की राखेने परीक्षा पास होता येते का.

आणि कळूनही मी काय म्हणालो, ते इथे लिहायला मला आजही जड जातं. मी म्हणालो, "हे आमचं नाही. तुमच्याच माणसांपैकी कोणीतरी घातलेलं आहे. मी वरपर्यंत तक्रार करीन!"

पल्लवी चिडली नाही. तिने कटर उचललं.

"तुमचं नाही म्हणता, तर मग ही अनोळखी पावडर झाली काका. आतला लिफाफाही फोडावा लागते. नियम आहे."

"त्याचं सील फुटलं तर माझ्या मुलीचं वर्ष जाईल!"

"समजून राहिलं मला. पण पावडर कोणाची ते लेखी आलं नाही, तर माझ्या हातात दुसरं काही नाही."

कटर सीलपासून चार बोटांवर होतं. सभांमधून हजार माणसांसमोर न अडखळणारा मी, एका वाक्यासाठी तोंड उघडू शकलो नाही.

"मी ठेवली," सुलभा म्हणाली. "अंगारा आहे. देवीचा. चूक माझी आहे."

पल्लवीने कटर खाली ठेवलं. "काकू, पावतीवर नाव काकांचं आहे. लिहून त्यांनीच द्यावं लागते."

तिने एक अर्ज पुढे सरकवला. वस्तू कोणती, कुठली, कोणी ठेवली, कशासाठी. घड्याळात दोन पंचवीस. मी लिहिलं: देवीचा अंगारा. आमच्या घरचा. पत्नीने ठेवला. शेवटच्या रकान्यावर पेन थांबलं. कशासाठी? माझ्याकडे या प्रश्नावर दीड तासाचं व्याख्यान तयार आहे. रकाना दोन बोटांचा होता.

"लिहा, मुलीसाठी," सुलभा हळूच म्हणाली.

मी लिहिलं. सही केली. मग पल्लवीची माफी मागितली, तिच्या माणसांवर आळ घेतल्याबद्दल. ती म्हणाली, "होते काका. मेतकूट निघते, कुंकू निघते, एकदा तर कागदांत तिळाच्या वड्या निघाल्या. मायचं मन नियम वाचत नाही."

पुडी परत मिळाली, कारण ती जाणं शक्य नव्हतं. नवी पिशवी, नवी पट्टी, पुन्हा यंत्र. दोन पन्नासला आमचा लिफाफा पट्ट्यावर चढला. आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो आणि ट्रक नगर रस्त्याला लागेपर्यंत हललो नाही.

परतीच्या वाटेवर मी सुलभाला सोडलं नाही. वाघोली ते रामवाडी रिक्षात, रामवाडी ते स्वारगेट मेट्रोत, मी बोलत होतो. इतकी वर्षं माझ्यासोबत राहून तू हे करावंस? मुलीचं भविष्य एका चिमूटभर राखेसाठी पणाला लावलंस? विवेक म्हणजे काय, भीतीतून श्रद्धा कशी जन्मते, सगळं सांगितलं. ती पर्स मांडीवर धरून ऐकत राहिली. सिव्हिल कोर्टला गाडी बदलताना तेवढं म्हणाली, "जिना बघून उतरा."

शुक्रवारी आम्ही दोघं फोनसमोर बसलो होतो. कंपनीच्या ट्रॅकिंगच्या पानावर लिफाफा मुंबई सोडून गेला होता, युरोपातल्या एका मोठ्या केंद्रावर छाननी होऊन मुक्ताच्या शहरात पोचला होता, आणि 'वाटपासाठी निघाला' या ओळीवर तासभर अडकला होता. आपल्याकडे अडीच वाजले, तीन वाजले. तिथले दुपारचे बारा म्हणजे आपले साडेतीन, त्याच्या आत कागद द्यायचे होते. तीन दहाला मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला. विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभी, धापा टाकत.

"मिळाला, दिला, सील शाबूत! आई, पण पुडी नव्हती गं त्यात. मी एवढी विनवणी करून मागितली होती ना?"

मी सुलभाकडे बघितलं. ती फोनकडे बघत होती.

"बाबा?" मुक्ताचा आवाज उतरला. "तुम्ही पण तिथेच आहात? रागावू नका. इथे खोलीत फार एकटं वाटतं. आजी परीक्षेच्या दिवशी कपाळाला लावायची, ते आठवलं."

मी म्हणालो, रागावलो नाही. पुडी माझ्याकडे आहे, सांभाळून ठेवली आहे. ते खरं होतं. त्या दिवसापासून ती माझ्या शर्टाच्या खिशातून टेबलाच्या खणात गेली होती आणि फेकायचं मी रोज ठरवत होतो.

मी आजही राखेवर विश्वास ठेवत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा व्याख्यान आहे, विषय तोच आहे. प्रवासाचं विचाराल तर मेट्रो धरा, मूळ ओळखपत्र न्या, आणि कुरिअरची पिशवी बंद करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा नीट विचारा. विचारून झाल्यावर ऐकून घेण्यापुरतं थांबा.

त्या शुक्रवारी फोन ठेवल्यावर मी सुलभाला म्हणालो, "मुक्ताने मागितली होती, हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस? वाघोलीपासून स्वारगेटपर्यंत दीड तास होता."

ती चहाचे कप उचलत म्हणाली, "तुमचं भाषण चालू होतं. मधे बोललेलं तुम्हाला चालत नाही."