नागअळीच्या मागावर

झाडांची कीड शोधायला निघालं की हाती पानं कमी आणि किस्से जास्त लागतात. शेजारच्या हिंदी मुलखात नवं राज्य झालं, नव्या राजधानीच्या रस्त्यांवर झाडं लागली आणि ती सांभाळायला आमचा उद्यान विभाग आला. कीड ओळखायचं काम माझं. फवारणी वानखेडे भाऊंची. ते मूळचे वर्ध्याचे, सगळी नोकरी पाठीवर पंप घेऊन झालेली.

* * *

शंकर नगरातून एका बाईंचा घाबऱ्या आवाजात फोन आला. "दीदी, किसी ने नींबू के पत्तों पर कुछ लिख दिया है!"

गेले. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा. जादूटोणा नाही, नागअळी! ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला हिरवा गर खात पुढे सरकते. पान उजेडात धरून त्यांना आतली अळी दाखवली.

बाई आणखीच घाबरल्या. "मतलब लिखनेवाला अभी अंदर ही है?"

* * *

माझं भिंग फुटलं, म्हणून दागिने पारखतात तसलं घ्यायला सदर बाजारातल्या एका मराठी सराफाकडे गेले. नवं भिंग तपासायला पर्समधलं लिंबाचं पान काढलं, तर त्यांनीच ते हातातून घेतलं. बराच वेळ पाहत राहिले. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं!

"मॅडम, चांदीचं इतकं बारीक काम आमच्या कारागिराले नाही जमत. काहून मारता याले?"

मी पान परत मागून पर्समध्ये ठेवलं. भिंगाचे पैसे दिले आणि निघाले.

* * *

एकदा मोठ्या पाहुण्यांचा दौरा होता. रस्त्याकडेच्या करंजांच्या पानांवर पांढरे डाग. साहेब म्हणाले, "आजच्या आज फवारा!"

मी म्हटलं, "सर, अळी पानाच्या आत आहे. वरून मारलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही. आणि ही जुनी पानं, यातल्या अळ्या पतंग होऊन कधीच उडून गेल्या."

"मले अळीचं नका सांगू. टँकर फिरलेला दिसला पाहिजे!"

टँकर दिवसभर फिरला. पानांवरची धूळ गेली, झाडं चमकायला लागली. साहेब खूश. "वा! औषध कोणतं मारलं, वानखेडे?"

"नळाचं, सर."

* * *

काळे काका बँकेतून निवृत्त झालेले. लिंबावर दर आठवड्याला औषध मारायचे, तरी नागअळी जाईना. मी समजावलं, "काका, या अळीला खाणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात. तुमच्या औषधानं त्याच मरतात. झाड मोठं आहे, सोसेल. थोडं थांबा."

"म्हणजे मी काहीच नाही करायचं?"

"काहीच नाही."

काका पंप खाली ठेवून पायरीवर बसले. "रिटायर झाल्यापासून सगळे मले हेच सांगून राहिले."

त्या दिवशी मी चहाला थांबले.

* * *

करंजावरची जात नक्की कोणती, ते पतंग पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हतं. म्हणून डागाळलेली पानं बरणीत ठेवली, तोंडाला मलमल बांधली. पतंग निघाला की मारून, टाचून तज्ज्ञांकडे पाठवायचा.

एका सकाळी वानखेडे भाऊंनी हाक मारली. बरणीच्या काचेवर तांदळाच्या कणीएवढा पतंग बसला होता. पंखांना झालर, त्यावर रुपेरी पट्टे. मी भिंग दिलं. भाऊ डोळा लावून बसले.

"एवढी वर्षं मारून राहिलो, मॅडम. पाहिला नव्हता कधी."

मी टाचणी आणायला आत गेले. परत आले तर मलमल टेबलावर, खिडकी उघडी आणि भाऊ बाहेर पाहत उभे.

"अहो भाऊ! आता ओळख कशी पटणार?"

"झाली न, मॅडम," ते म्हणाले. "आजच तर झाली."