क्लॅरी ट्रेडिनिकची घुमणारी जमीन

क्लॅरी ट्रेडिनिकसारखा हट्टी माणूस मी पाहिलेला नाही. रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी उभं राहून डबे बांधले आणि निवृत्त झाल्यावरही शेजारीच राहिलो, त्यामुळे हे मी बोलू शकतो.

आमच्या वॅटल क्रीक गावातली घरं लाकडी आणि खांबांवर उभी. खालच्या मोकळ्या जागेत कुणी गाडी ठेवतो, कुणी कपडे वाळत घालतो. क्लॅरीने तिथे भिंती घालून मुलीसाठी खोली केली. जॅनीन त्याची एकुलती एक. नवऱ्याशी पटेना म्हणून बारा वर्षांनी माहेरी परत आली होती, आणि इस्पितळात कायम रात्रपाळी करायची. म्हणजे पोरीने झोपायचं दिवसा, आणि तिच्या पलंगाच्या बरोब्बर वर बापाचे स्पीकर!

छातीएवढे उंच, जमिनीवर उभे करायचे दोन खोके होते ते. क्लॅरी आमच्या कारखान्याच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचा. मांडीवर रेडकू घेऊन बसावं तसं ते पितळी धूड घेऊन बसायचा. त्या बँडची एकच तबकडी निघाली होती, ती हा गडी रोज सकाळी लावायचा. बँड कमी आणि घुमणंच जास्त. कपाटातल्या बश्या थरथरायच्या. आवाज कमी कर म्हणून मी दोनदा सांगितलं, तर मला म्हणतो, तुला संगीतातलं काय कळतं. बरोबर आहे, मला काही कळत नाही. पण डोकं कशाने उठतं तेवढं कळतं.

एके दिवशी जॅनीन कुंपणापाशी आली. डोळे तांबारलेले. तिने शहरात भाड्याची खोली बघून ठेवली होती आणि सोमवारी एजंटला होकार कळवायचा होता. बापाला सांगून सांगून थकली होती. तो आवाज कमी करायचा आणि दहा मिनिटांत पुन्हा वाढवायचा.

"नॉर्मकाका, एक घर मोडून आले," ती म्हणाली. "हे तरी भांडून सोडायचं नाहीये मला."

मी तसाच जाऊन क्लॅरीला झापलं. खोलीचं ऐकून त्याचं तोंड एवढंसं झालं. पण स्वभावाला औषध नाही. मला न विचारता त्याने आपल्या अकलेने इलाज केला. आम्हा डबे बांधणाऱ्यांची एक खोड आहे: जे थरथरतं ते आवळायचं. याने स्पीकरना लोखंडी पाय लावले आणि खालची तुळई शोधून त्यात लांबलचक स्क्रूंनी ते आवळून बसवले. झालं! धक्के खोक्यातून थेट तुळईत आणि तुळईतून घरभर. सगळ्या घराचा नगारा झाला. त्या दिवशी जॅनीन गाडीत जाऊन झोपली.

"अरे शहाण्या," मी म्हणालो, "डबा आपण चाकांवर थेट ठोकून बसवायचो का? मध्ये रबर घालायचो ना?"

त्याला लगेच उमगलं. शनिवारी जॅनीन बाजारात गेल्यावर आम्ही दोघे म्हातारे कामाला लागलो. स्क्रू काढले. स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले होते, ते भिंतीपासून हातभर पुढे ओढले. जमिनीवर रबराचे जाड तुकडे, त्यावर अंगणातल्या सिमेंटच्या लाद्या आणि लाद्यांवर स्पीकर. खोक्यांच्या मागच्या भोकांतून घुमणं बाहेर पडतं, त्यांत त्याचेच जुने मोजे कोंबले. खाली जॅनीनच्या खोलीत एक तुळई मधोमध लवत होती, तिला लोखंडी टेकू दिला. माझ्या कमरेचे पार बारा वाजले. मग जमिनीवर पाण्याचा पेला ठेवून तबकडी लावली. पाणी हललं नाही.

खोटं कशाला बोलू, त्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे कर्णेही आहेत हे मला त्या दिवशी कळलं. एकेक वाद्य सुटं सुटं ऐकू येत होतं. शाबास म्हणायला मी वळलो, तर क्लॅरी माझ्याकडे बघत उभा.

"लाव की आता," तो म्हणाला.

मी नुसतं बोट दाखवलं. फिरणारी तबकडी त्याने वाकून बघितली.

कारखान्यात दिवसभर पत्र्यावर घण पडायचे. कानात बोळे घालणाऱ्याला आम्ही बायल्या म्हणून हसायचो, आणि सगळ्यांत मोठ्याने क्लॅरी हसायचा. आता त्याचे कान गेले होते; माणूस समोर असला की तो बोलणं ओठांवरून ओळखायचा, आणि बँड त्याला ऐकू येत होता तो फळ्यांतून, पायांनी. वरचे सूर पाठच होते. आवाज का वाढवायचा ते मला आत्ता कळलं. लाद्या काढतो म्हणालो तर अंगावर आला. हात लावलास तर याद राख, म्हणाला. जॅनीनला सांगायचं नाही अशी शपथही घातली. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

रविवारी दुपारी मी क्लॅरीकडेच होतो, तेव्हा जॅनीन वर आली, पोटभर झोपून. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. तबकडी संपून सुई नुसती खरखरत होती. क्लॅरी डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून बसला होता. ती दारातच थबकली. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो, लाज वाटली म्हणून.

ती जाऊन त्याच्या पायाशी बसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने डोळे उघडले.

"बाबा, तबकडी कधीच संपली."

बोटं थांबली. "तू जाऊ नयेस म्हणून गं," तो म्हणाला. ती रडली. मीही रडलो, कशाला लपवू.

मग नाक पुसून ती उठली. एजंटला तिथूनच फोन केला, खोली नको म्हणून. बापाला मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे नेणार असं बजावलं, आणि हट्टी माणूस मुकाट्याने हो म्हणाला. मग मला म्हणाली, "काका, धरा हे स्पीकर. सकाळी मी झोपायच्या आधी परत लादीवर ठेवू. आत्ता मी जागी आहे."

आम्ही दोन्ही स्पीकर उघड्या फळ्यांवर उतरवले. तिने तबकडी पुन्हा लावली, चपला काढल्या आणि अनवाणी पाय बापाच्या पायांशेजारी टेकवले. जमिनीला हलकासा हादरा बसला.

"हा तू?" तिने विचारलं.

"छे, हा कॉनरॉय, ढोलवाला. नेहमी घाई करायचा." क्लॅरीने तिचा हात धरला. "थांब. थांब हं. आता मी."