यंत्राने वाचलेली मामीची खानावळ

माझी मामी अड्याळला खानावळ चालवायची. चार बाकडी, एक चूल आणि मामांनी सकाळीच तलावावरून आणलेले मासे. शाळेच्या सुट्टीत मी तिथे असायचे. मामी ताटात रस्सा वाढता वाढता ओरडायची, "खाय, मर एकदाची खाऊन!" आणि माशाचा दुसरा तुकडा टाकायची. त्याचा अर्थ आम्हाला कधी कोणी समजावून सांगितला नाही. गरजच पडली नाही.

पुढे नागपुरात मला नोकरी लागली. हॉटेलं, दुकानं, दवाखाने यांच्याबद्दल लोक इंटरनेटवर काय लिहितात ते वाचून आमची कंपनी त्यांच्या नावलौकिकाचे अहवाल करायची. वाचायचं काम यंत्राचं. चांगलं मत हिरवं, वाईट लाल. त्यातले थोडे रिव्ह्यू आम्ही तपासायचे. शिकताना साहेब म्हणाले, ओळखीची एखादी जागा घेऊन बघा. मामेभावाने खानावळ नकाशावर टाकलेली होती. मी तीच घेतली.

अहवाल जवळजवळ सगळा लाल आला. खाली सारांश होता : ग्राहक नाराज, जेवण त्रासदायक.

मी एकेक रिव्ह्यू उघडला. "मामीनं आज रडवलं राजेहो." "नाकातोंडातून पानी काढलं, जीव गेला खाऊन खाऊन." "या बाईपायी आता घरचं जेवन गोड लागत नाही." ऑफिसात मी एकटीच मोठ्याने हसले. हिरवा एकच होता. "वा! काय मान दिला! दीड तास बसवलं आन् मंग भात सरला म्हने. लय उपकार झाले."

रविवारी अड्याळला गेले. मामी राख लावून मासे साफ करत होती. मी मोबाईलवरून वाचून दाखवलं. लाल रिव्ह्यू ऐकून ती हसत होती, माणसं ओळखत होती. "हा तं बँकेतला बाबू होय." मग गंमत म्हणून मी तो हिरवा वाचला. तिचे हात थांबले.

"बाजाराच्या दिवशीचा आहे तो," ती म्हणाली. "लहान पोरीले घेऊन कोपऱ्यात बसला होता. मी येष्टीवाल्यायले आधी वाढलं, त्यायची गाडी होती ना. मंग भात सरला. काही न बोलता उठून गेला बिचारा."

"मामी, एकच तर आहे. बाकी सारे खूश आहेत."

"तुह्या मशीनले समजलं नाही म्हनून काय झालं? पोरगी उपाशी गेली ना."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्याले तिथं उलटून लिहिता येते का?" ती सांगत गेली, मी लिहिलं : भाऊ, चूक माझी झाली. पोरीले घेऊन या, आधी तुमाले वाढीन.

पुढच्या बाजाराला तो आला, मुलीला घेऊन. रिव्ह्यूचं त्यानेही काढलं नाही, मामीनेही नाही. मामीने दोघांना सगळ्यांच्या आधी वाढलं, असं मामा सांगायचे.

मी मात्र यंत्राला आमची बोली शिकवायच्या मागे लागले. 'जीव गेला' म्हणजे कौतुक, असं पन्नासदा सांगितलं. ते शिकलं. मग एका दवाखान्याच्या अहवालात मला हिरवी ओळ दिसली : "बाबांचा जीव गेला, आम्ही बाहेरच बसून होतो." मी ती हाताने बदलली. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "असे किती वाचशील?" मी म्हटलं, "जितके होतील तितके." तेव्हापासून आमच्या भागातले रिव्ह्यू मी पूर्ण वाचल्याशिवाय पुढे पाठवत नाही. काम मागे पडतं, बोलणी खाते.

मामीचे गुडघे गेले, खानावळ बंद झाली. तिथे आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. अड्याळला बसमधून उतरले की पाय आधी तिकडेच वळतात. दुकानदार विचारतो, "काय पाहिजे ताई?" मी काही नाही म्हणते आणि मामीच्या घरची वाट धरते.