न्यायला कोण गेलं होतं?

नव्वदच्या दशकात बारामतीत एका खोलीत मी एकटीच वकिली करायचे. बहुतेक कामं नवरा-बायकोच्या भांडणांची. नवरा आला आणि नोटीस पाठवा म्हणाला, की मी कागद पुढं ओढायच्या आधी विचारायचे, "तिला न्यायला कोण गेलं होतं?"

आमच्याकडं रुसून माहेरी गेलेली बाई आपणहून परतत नाही. सासरचं कुणीतरी न्यायला यावं लागतं. हे कुठल्या कायद्यात नाही, पण कितीतरी संसार तिथंच अडलेले असत.

एकदा इंदापूरचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर चिडून म्हणाला, "ती गेली तिच्या पायानं, यील तिच्या पायानं. मी का जाऊ?"

"मग दुसरा वकील बघ," मी म्हणाले आणि त्याला बाहेर काढलं.

आठ दिवसांनी तो बायकोला घेऊनच आला. खाली बघत म्हणाला, "बावड्याला हिच्या माहेरी गेलो, तर हिची पिशवी भरल्यालीच हुती, वकीलबाई. सा महिन्यापास्नं."

मी चार वर्षांची असताना आई वडिलांशी भांडून मला घेऊन निरवांगीला मामाकडं आली. मामीनं कपाटातला एक कप्पा तिला मोकळा करून दिला. आईनं त्यात कधी साडी ठेवली नाही. तिची ट्रंक दारामागंच असायची. दुपारची एसटी थांबली, की ती पदर सारखा करायची.

मी सनद घेऊन घरी आले, त्या दिवशीही तो कप्पा रिकामाच होता.