भाचीकडून लिहून घेतलेला कागद

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझ्याच हस्ताक्षराचा राग येतो. नोकरीत खुनाचे, दरोड्याचे तपास केले. त्यातले बरेचसे आता विसरलो. हा तर साधा तक्रार अर्ज होता. गुन्हासुद्धा दाखल झाला नाही.

मी तेव्हा पूर्व नागपुरातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. अर्जदार पुण्यात नोकरीला. त्याचे वडील, निवृत्त शिक्षक, नंदनवनला एकटे राहत. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा धंतोलीच्या दवाखान्यात नेलं ते त्यांच्या भाचीने. घरी आणल्यावर त्यांचं पेन्शनचं खातंही तीच बघू लागली. मुलाचं म्हणणं असं, की ही आतेबहीण वडिलांचं एटीएम कार्ड वापरून पैसे खाते.

भाची शाळेत लिपिक होती. नवरा वारलेला, एक मुलगी. महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. बाईंनी पिशवी उलटी करून औषधांची बिलं टेबलावर ओतली.

"मामाचे पैसे वेगळे ठेवतो जी, माझ्या पोरीच्या पुढच्या नर्सिंगच्या फीचे वेगळे. इकडचा रुपया तिकडे जाऊ देत नाही."

पासबुक आणि बिलं जुळली. फक्त दर महिन्याला एक ठरावीक रक्कम निघत होती, तिचं बिल नव्हतं. मी विचारलं, बाई गप्प. आवाज चढवला, तरी गप्प. आमच्या धंद्यात गप्प बसणारा माणूस एक तर सराईत असतो, नाहीतर कोणाला तरी पाठीशी घालत असतो. मी तिला सराईतांत धरलं आणि चांगलं अर्धा तास फैलावर घेतलं. ती रडली, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या मुलाला घेऊन मी मामांच्या घरी गेलो. मामांची जीभ जड झाली होती, डोकं मात्र शाबूत होतं. भाचीवर चोरीचा आळ आहे हे ऐकताच ते उशीवरून उठू बघू लागले.

"तिले काही... बोलू नका. मीच म्हटलं होतं... सांगू नको म्हनून."

हळूहळू उलगडा झाला. नोकरी धरण्याआधी मुलाचा धंदा बुडाला होता तेव्हा मामांनी त्याला मोठी रक्कम दिली होती. साठवलेले आहेत, असं सांगून. ते पैसे एका पतसंस्थेच्या कर्जाचे होते. भाची त्याचाच हप्ता मामांच्या पेन्शनमधून भरत होती. मुलाने मान खाली घातली.

इथवर माझं काम चोख झालं होतं. तिथेच थांबलो असतो तर! पण अर्ज निकाली काढायचा म्हणजे दोन्ही बाजूंकडून काहीतरी लिहून घ्यायचं, ही आम्हा ठाणेवाल्यांची खोड. मुलगा म्हणाला, पुढे वाद नको, लिहून द्या. दोघांना ठाण्यात बसवून मी स्वतः कागद लिहिला: 'मामांच्या सर्व देण्याघेण्याची जबाबदारी माझी राहील.' खाली भाचीची सही. एक प्रत मुलाला दिली. असे शेकडो कागद मी लिहिले होते. हाताला वळणच पडलं होतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बाईच्या गळ्यात आपण काय अडकवतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

निवृत्तीनंतर हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो, तिथे ती भेटली. मामा वारले होते. मुलाने नंदनवनचं घर विकलं होतं आणि पतसंस्थेचा वसुलीवाला आला तेव्हा त्याच्या हातात तो कागद ठेवला होता.

"अजून हप्ते भरून राहिली मी," ती म्हणाली.

"काहून? तुम्ही कर्जदार नाही, जामीनदार नाही, वारसही नाही! घर ज्याला मिळालं त्याच्याकडे मागायला पाहिजे होतं त्यांनी."

"तुमीच तर लिहून घेतलं होतं साहेब. पोलिसाचा कागद खोटा कसा असन?"

मी मुलीचं विचारलं. नर्सिंगला गेली नाही, कापडाच्या दुकानात लागली, असं म्हणाली. मला तोंड वर करवेना.

दुसऱ्याच दिवशी तिच्याबरोबर पतसंस्थेत गेलो, वकिलाची नोटीस दिली. पुढचे हप्ते थांबले. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. बाईंनी स्वखुशीने भरले, असं उत्तर आलं. स्वखुशीने!

आता कोणी नातेवाइकाचं खातं सांभाळतो म्हणाला, की मी त्याला बसवून सांगतो. बँकेतून खातं चालवण्यापुरतं अधिकारपत्र घे. कर्जाच्या कागदावर सही करू नकोस, पैसे आपल्या पैशांत मिसळू नकोस. आणि जबाबदारी हा शब्द कोणी लिहून मागितला तर आधी वकिलाला दाखव, मागणारा पोलीस असला तरी. त्या बाईला यातलं अर्धं आधीच कळत होतं. उरलेलं सांगणं माझं काम होतं.

त्या दिवशी पतसंस्थेतून परत येताना न राहवून मी तिला विचारलं, "सही करायच्या आधी वाचलं नव्हतं का?"

"वाचलं होतं जी," ती म्हणाली. "मले ते बराबर नाही वाटलं. पण आदल्या दिवशी तुमी इतके ओरडले होते, मंग बोलाची हिंमतच नाही झाली."