पडद्यांच्या मापाखाली दबलेले तीन मेल

'मेल मिळालाच नाही' असं कुणी म्हणालं की हल्ली माझं डोकं सणकतं. या एका वाक्यावर आमच्या दाजींची नोकरी टांगली गेली.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. आमच्या ऑफिसच्या इमारतीची लिफ्ट आणि बाकीची बारीकसारीक दुरुस्ती ते सव्वीस वर्षं सांभाळत होते. मशीनच्या खोलीत गेले की आधी डोळे मिटून आवाज ऐकणार, मगच पान्हा उचलणार. एवढा कसबी माणूस, पण कॉम्प्युटरपुढे बसला की घामाघूम! पत्ता टाकतानाच बोटं अडखळायची. म्हणून मीच, कॉम्प्युटर विभागातल्या दीडशहाण्याने, त्यांना सांगितलं होतं, "दाजी, साहेबांचा कुठलाही जुना मेल उघडायचा, उत्तर द्यायचं बटण दाबायचं आणि लिहायचं. झालं!"

आता मेलच्या प्रोग्रामला आत काय लिहिलंय याचं सोयरसुतक नसतं. मेल कशाला उत्तर म्हणून आलाय तेवढं तो बघतो आणि जुन्याच गठ्ठ्यात कोंबतो. दाजींनी धरून ठेवलेला मेल होता मीटिंगच्या खोलीतल्या पडद्यांच्या मापाचा. दोन वर्षं नळ, दिवे, कुलपं, सगळ्या तक्रारी त्या पडद्यांखालीच गेल्या. साहेबांनी वैतागून तो अख्खा गठ्ठाच गप्प करून ठेवला होता. त्यात नवीन काही आलं तरी त्यांना दिसायचं नाही.

लिफ्टचा ब्रेक सरकायला लागला तेव्हा दाजी आधी साहेबांच्या दारात गेले. परवानगीशिवाय लिफ्ट बंद करता येत नाही ना! साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "तोंडी काही सांगू नका, मेल करा." दाजींनी आठवड्यात तीन मेल केले. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'कृपया आजच बंद करू द्या.' दुसऱ्या दिवशी लिफ्ट दोन मजले घसरली आणि सफाईच्या मावशींचा पाय मोडला.

चौकशीत साहेब 'मेल मिळालाच नाही' म्हणून हात झटकून मोकळे. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर तो गठ्ठा उघडून तिन्ही मेल सगळ्यांना दाखवले. वाटलं, आता तरी लाजतील. कसले लाजतायत! म्हणे, "पडद्यांच्या मेलमध्ये लिफ्ट कोण शोधत बसणार?" चोर तो चोर, वर शिरजोर! मी इतका ओरडलो की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

चौकशी करणाऱ्या बाईंनी मला खाली बसवलं आणि दाजींना विचारलं, "असे मेल पाठवायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

दाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कुणी नाही, बाई. माझं मीच शिकलो."

बाईंनी ते लिहून घेतलं. मी बसवल्या जागीच बसून राहिलो. चूक दाजींचीच ठरली आणि त्यांना घरी बसवलं.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर बहिणीने माझा हात हातात घेतला. "तू होतास म्हणून निदान कुणीतरी यांच्या बाजूने बोललं रे."

दाजी समोरच बसले होते. म्हणाले, "हो, खूप भांडला तो."